नऊनंतर पोरांनी घरात

रात्री नऊनंतर अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोठं माणूस सोबत नसताना बागेत किंवा किनाऱ्यावर थांबायचं नाही, असा नियम मालवणात असावा का? हा काही नगरपालिकेपुढचा ठराव नव्हे, गजालीतून निघालेला विषय आहे. पण आज गजालीत असलेला विषय उद्या सह्यांच्या कागदावर जातो. त्यामुळे आधीच दोन्ही बाजू ऐकून घेतलेल्या बऱ्या.

वायरीच्या रस्त्याला होमस्टे चालवणाऱ्या एका वहिनींना हा नियम हवा आहे. त्यांना शाळेत भूगोल शिकवलेले सर आता निवृत्त आहेत आणि त्यांना तो अजिबात नको आहे. सीझन उतरणीला लागला होता, किल्ल्याच्या बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि वहिनींकडे एकच खोली भरलेली होती. त्यामुळे दोघांनाही सवड होती. मी बहुतेक वेळ ऐकत होतो.

वहिनी : सर, मी सरळच सांगते. माझा झील दहावीला. क्लास सुटतो साडेसातला, घर दहा मिनिटांवर, आणि हा उगवतो साडेनऊला. फोन केला की म्हणतो, ‘सगळे थयच आसत, मी एकटोच कित्याक येव?’ आता या ‘सगळ्यां’चं मी काय करू? मी एकटीने दरडावलं तर मी खाष्ट. नियम असला की कोणाचीच आई खाष्ट ठरत नाही.

सर : म्हणजे नियम तुला पोरांसाठी नको, आयांसाठी हवा.

वहिनी : असंच समजा. त्यात वाईट काय?

सर : वाईट काही नाही बाय. पण मग आयांनी एकत्र बसून ठरवा. त्यात पोलीस कशाला?

वहिनी : आया एकत्र बसायला एका वाडीतल्या राहिल्यात कुठे? याच्या मित्रांत एकाचे वडील बँकेत, बदलीवर आलेले. एकाचे आईवडील हॉटेलच्या गल्ल्यावरून रात्री बाराला उठतात. एकाचा बाप बोटीवर, आई आजारी सासूपाशी. मी कोणाच्या दारात जाऊन सांगू की तुमच्या पोराला आत घ्या? पूर्वी शेजारची म्हातारी कोणाच्याही पोराचा कान धरायची. आता कान धरला तर व्हिडिओ निघतो.

सर : हे मात्र खरं. माझाच निघाला असता, वेळेत निवृत्त झालो.

वहिनी : तुम्ही रात्री किनाऱ्यावर शेवटचे कधी गेलात? दिवाळीपासून मे संपेपर्यंत शनिवार-रविवारी जाऊन बघा. गाड्या वाळूपर्यंत उतरवतात. डिकी उघडायची, गाणी लावायची, गोव्याहून आणलेली बाटली बॉनेटवर ठेवायची. आमची पोरं कडेला घोळका करून उभी. आधी बघतात. मग कोणीतरी हाक मारतो, ‘ए, बर्फ आणून दे रे.’ बर्फ आणला की पन्नास रुपये. चौथ्या खेपेला पन्नासऐवजी घोट.

सर : आणि सकाळी?

वहिनी : सकाळी काचा. बाटलीचं बूड वाळूत रुततं आणि फुटकी कड वर राहते. पाहुण्याच्या पायात चप्पल असते. पण रापण ओढणारा माणूस अनवाणी उलटा चालतो. दोर हातात, डोळे पाण्याकडे आणि टाच मागे मागे. काच त्या टाचेत जाते. माझ्या दिराला टाके पडले.

हे ऐकून मी तो दोर आठवून पाहिला. रापणीची दोन टोकं धरून दोन रांगा जाळं किनाऱ्याकडे खेचतात. जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगाही एकमेकींकडे सरकत येतात. खाली कोणी पाहत नाही, पाहायची सवयच नसते. किनारा म्हणजे पायाखालची ओळखीची जमीन, हे त्यात गृहीत असतं.

सर : आता मला सांग, ती बाटली आणली कोणी? पंधरा वर्षांच्या पोराने?

वहिनी : नाही.

सर : गाडी वाळूत घातली कोणी? बर्फ आणायला कोणी पाठवलं? आपल्या राज्यात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पुरी लागतात, हा कायदा आहे. उघड्यावर पिऊन धिंगाणा घालण्याविरुद्धही कायदा आहे. ते सगळे मोठ्यांसाठीचे. ते पाळले जात नाहीत, म्हणून तू नवा कायदा मागतेस आणि तो लहानांना लावतेस. गुन्हा गाडीवाल्याचा आणि संचारबंदी बर्फवाल्याला!

वहिनी : गाडीवाला सोमवारी जातो. त्याला मी कुठे शोधू? पोर माझं आहे, ते हातात आहे.

सर : म्हणजे जो हाताशी सापडतो त्याला धरायचं.

वहिनी : सर, २००८ च्या फेब्रुवारीत गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा जीव गेला, ते तुम्हाला ठाऊक आहे. खालच्या कोर्टात सगळे सुटले, हायकोर्टाने एकाला दोषी धरेपर्यंत २०१९ साल उजाडलं. अकरा वर्षं. कायदा मोठ्यांना धरेल म्हणून मी तोवर थांबू? त्या रात्री त्या वयाच्या मुलीला शॅकबाहेर काढून घरी पोचवायचं, असा कुणाचा तरी रोजचा धर्म असता तर?

सर : असता तर बरं झालं असतं. पण त्याला धर्म म्हणतात, संचारबंदी नाही. पोचवणं वेगळं आणि पकडणं वेगळं.

इथे सरांनी नेमकं बोट ठेवलं, तरी वहिनींचा प्रश्न त्याने सुटत नाही. पोचवणार कोण, हे सरांनी सांगितलं नाही. त्यांनी विषय समुद्राकडे वळवला.

सर : किनाऱ्याची भीती म्हणशील तर घड्याळाकडे बघ. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला पुण्याहून सहलीला आलेली चौदा मुलं बुडाली. १५ एप्रिल २०१७ ला इथे वायरीला बेळगावची इंजिनीअरिंगची आठ मुलं गेली. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटली, दोघे गेले. यातलं रात्रीचं काय आहे? सगळं दिवसाढवळ्या. आणि बहुतेक कॉलेजातले, बाहेरगावचे. आपला समुद्र नऊ वाजायची वाट बघत नाही.

वहिनी : ते पाण्याचं झालं. मी माणसांबद्दल बोलतेय. पाण्याला माझा मुलगा तुमच्या बेळगावच्या पोरांपेक्षा जास्त ओळखतो.

सर : का ओळखतो? रात्री-बेरात्री गेला म्हणून! जेटीवर गरी टाकून बसला, पहिल्या पावसात बॅटरी घेऊन कुर्ल्या धरायला गेला, पहाटे चारला बापाबरोबर होडी ढकलली. दांडीच्या पोराला विचार, तुझं अंगण कुठे संपतं आणि किनारा कुठे सुरू होतो. त्याला सांगता येणार नाही. तू म्हणशील ‘मोठं माणूस सोबत हवं’. रापणीला दोर धरायला आलेल्या बारा वर्षांच्या पोरासोबत पन्नास मोठी माणसं असतात, पण त्याचा बाप त्यात असेलच असं नाही. शिपाई काय विचारणार, पालक कोण?

वहिनी : आपला शिपाई इतका नवखा नसतो.

सर : आपला नसतो. बदलून आलेला असतो. आणि दंडाची पावती कोणाच्या नावाने फाटेल ते मी तुला आत्ता सांगतो. रिसॉर्टच्या कुंपणात स्विमिंग पूलच्या कडेला रात्री बाराला बसलेल्या पोराच्या नावाने नाही. ती खाजगी जागा. पावती फाटेल ज्याचं घर दीड खोलीचं आहे आणि ज्याला अभ्यासालासुद्धा बाहेरच्या दिव्याखाली बसावं लागतं त्याची.

वहिनी थोडा वेळ आत गेल्या. पाहुण्यांनी तिखलं मागवलं होतं, त्याच्या बांगड्यांवर तिरफळं टाकायची राहिली होती. परत आल्या त्या वेगळाच मुद्दा घेऊन. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच होता.

वहिनी : सर, तुम्ही संचारबंदी, संचारबंदी म्हणून जे घाबरवताय ना, ती आम्हाला जन्मापासून आहे. मी तुमच्या वर्गात होते तेव्हा दिवे लागले की घरात. माझ्या मुलीला आजही तेच. ती बारावीला आहे, तिला कुर्ल्या धरायला कोणी नेलं नाही, जेटीवर गरवायला कोणी बसवलं नाही. तुमचं ते अंगण म्हणजे झिलग्यांचं अंगण. सातनंतर तिथे एक चेडू दिसतं का? तेव्हा कुठल्या सरांना स्वातंत्र्य आठवलं नाही. आता मुलग्यांना नऊची वेळ लावा म्हटलं तर घटना आठवते.

सर : (बराच वेळ काहीच नाही. मग) हे मी वर्गात कधी बोललो नाही, खरं आहे.

वहिनी : मला दोघांना सारखं हवंय. एक तर दोघं नऊला आत, नाहीतर दोघं बाहेर.

सर : मग ‘दोघं बाहेर’ का मागत नाहीस?

वहिनी : कारण ते कोणी देणार नाही.

सरांच्या बाजूने माझं मन आधीपासून झुकलेलं होतं. या जागी ते अडलं. मुलांच्या मोकळेपणाच्या ज्या आठवणी आपण कोकणावर लिहिताना हौसेने सांगतो, त्यातल्या अर्ध्याअधिक एका बाजूच्याच असतात. एक अपवाद मात्र आहे आणि तो सरांनीच काढला.

सर : जत्रा. जत्रेत तू जागली नाहीस?

वहिनी : जागले की. पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राहायचा. आईच्या मांडीवर, मग चटईवर, मग दुसऱ्याच कोणाच्या मांडीवर. संकासुराला घाबरून एकदा खाज्याची पुडी सांडली होती. दहीकाला होईपर्यंत उजाडायचं.

सर : पोरीसुद्धा होत्या. आंगणेवाडीला आजही रात्रभर पोरं-पोरी हिंडतात, लाखांच्या गर्दीत. का चालतं? उजेड असतो, दुकानं उघडी असतात, आत्या-मावश्या पसरलेल्या असतात. रात्र तीच, वय तेच. बदललं ते काय? मोठी माणसं जागी असतात आणि शुद्धीत असतात.

वहिनी : त्या दशावतारालाही वेळ लागलीच ना? रात्री दहानंतर माईक बंद.

सर : लागली. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा. वर्षातून पंधरा दिवस सवलत, तीही बारापर्यंत. नियम केला शहरातल्या भिंती हादरवणाऱ्या डीजेसाठी. त्याच्या कात्रीत रात्रभर चालणारा आपला खेळही आला. म्हणून तर मी घाबरतो. नियम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक चित्र असतं आणि नियम लागतो भलत्यालाच.

वहिनी : आता माझंही जरा ऐका. आइसलँडमध्ये हा कायदाच आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर बाहेर एकटं राहायचं नाही, तेरा ते सोळाच्यांनी दहानंतर. मे ते ऑगस्ट दोन तास जास्त. वेळांचा तक्ता फ्रिजवर चिकटवतात म्हणे. पूर्वी तिथली पोरं युरोपात सगळ्यात जास्त पिणाऱ्यांत होती. महिन्याभरात कधीतरी झिंगलेली पंधरा-सोळाची मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. हे काय जादूने झालं?

सर : जादूने नाही, आणि तक्त्यानेही नाही. तक्ता त्यातला एक तुकडा. त्यांनी दारू विकत घ्यायचं वय वीस ठेवलं आणि ते पाळलं. दारूच्या जाहिराती बंद केल्या. पोराला क्रीडा किंवा संगीताचा क्लास लावायला दर मुलामागे पैसे दिले. आणि शनिवारी रात्री आईबाप स्वतः जॅकेट घालून रस्त्यावर फेऱ्या मारतात, घोळका दिसला की बोलतात, घरी पाठवतात. मघाशी तू म्हणालीस ना, कुणाचा तरी रोजचा धर्म? तो हा. आपल्याकडे तक्ता तेवढा येईल. क्लासचे पैसे येणार नाहीत आणि जॅकेट घालायला कोणी उठणार नाही.

वहिनी : मी उठेन.

सर : तू उठशील. मग कदाचित तक्ता लागणारच नाही. अमेरिकेत नुसता तक्ता लावून बघितला. शेकडो शहरांनी अठरा वर्षांखालच्यांना रात्रीची संचारबंदी लावली. २०१६ मध्ये अशा बारा अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही, मुलांवरचे अत्याचारही नाहीत. वॉशिंग्टनमध्ये तर वेळ तासाने अलीकडे आणली, त्या तासात गोळीबार वाढल्याचं एका अभ्यासात निघालं. चांगली माणसं, चांगली पोरं घरात गेली की रस्त्यावर बघणारा कोणी उरत नाही. टेक्सास राज्याने २०२३ मध्ये शहरांचा हा अधिकारच काढून घेतला.

वहिनी : आपल्याकडे गोळीबार होत नाही हो.

सर : बाटल्या फुटतात. बघणारा नसला की जास्त फुटतात.

मध्ये मीही एक प्रश्न टाकला. आपल्याकडे हे एकदा होऊन गेलं आहे, त्याचं काय? २०२१ च्या मार्चअखेर करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यभर आदेश निघाला होता. बागा आणि समुद्रकिनारे रात्री आठ ते सकाळी सात बंद, मोडणाऱ्याला हजार रुपये दंड. त्याआधी २०२० मध्ये दहा वर्षांखालच्या मुलांनी गरजेशिवाय घराबाहेर पडू नये, असंही केंद्राने सांगितलं होतं. म्हणजे वेळेची, जागेची आणि वयाची, तिन्ही बंधनं आपण पाहिली आहेत.

वहिनी : आणि किनारा तेव्हा जितका स्वच्छ होता तितका ना आधी होता ना नंतर.

सर : पर्यटकच नव्हते! तुझी खोली रिकामी होती, तेव्हा तुझी काय तक्रार होती ते मला आठवतं. आणि अजून एक आठवतं. मे २०२० मध्ये दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा बागांना कुलूप होतं. कोणाला आधी मोकळं सोडायचं, हे ठरवणारे तेव्हाही मोठेच होते.

वहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी एक गोष्ट मान्य केली. त्या दिवसांत त्यांचा मुलगा घरात होता आणि तेव्हाच त्याच्या हातात मोबाईल आला. तो हातातून अजून सुटलेला नाही. आज जेटीवर चार पोरं ओळीने बसलेली दिसतात, तेव्हा चौघांच्या तोंडावर निळा उजेड असतो.

सर : मग नऊला आत आणून तू त्याला कशाच्या स्वाधीन करणार?

वहिनी : त्यावरही नियम करता येतो. सांगलीकडे केलाय. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा. तोवर पोरांनी अभ्यास करायचा.

सर : हे उदाहरण तू माझ्या बाजूने दिलंस, बाय. तिथे पोलीस आहे? पावती आहे? शिक्षक, आशा कार्यकर्त्या, निवृत्त माणसं दारोदार फिरली. आणि मुख्य म्हणजे आईची मालिकाही बंद होते. बापाचा मोबाईलही खाली. नुसतं पोराला ‘तू वाच, मी बघतो’ म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी भोंग्यावर दगड पडला असता.

वहिनी : म्हणजे भोंगा चालेल तुम्हाला?

सर : मोठ्यांसाठी वाजणार असेल तर चालेल.

कायद्याची बाजू फार वेळ घेण्याजोगी नाही. नगरपालिका आपल्या बागेच्या फाटकाची वेळ ठरवू शकते, ती ठरवतेही. बागेला फाटक असतं, चिवल्याच्या वाळूला नसतं. माणसांच्या फिरण्यावर सरसकट बंदी घालायचा अधिकार नगरपालिकेकडे नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी पूर्वीच्या १४४ खाली, म्हणजे जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६३ खाली आदेश काढला, तरी तो साधारण दोन महिन्यांपुरता. तो तातडीच्या प्रसंगासाठी असतो, दर शनिवारसाठी नव्हे. शिवाय मालवण नगरपालिकेची हद्द वायरीला संपते. वायरी, तारकर्ली, देवबाग या ग्रामपंचायती. पोराने सायकलला चार पायडल मारली की तो नियमाबाहेर.

हे मी सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या की मग अर्ज चारही ठिकाणी द्यायचा. बाई हटणाऱ्यातली नव्हे. त्यांनी होमस्टेच्या नोंदवहीतलं मागचं पान काढलं आणि सरांपुढे पेन ठेवलं. सरांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे.

वहिनी : लिहा. रात्री नऊनंतर अठरा वर्षांखालील...

सर : ती ओळ पहिली नाही. पहिली : संध्याकाळी सातनंतर वाळूवर गाडी उतरणार नाही, उतरल्यास जप्त.

वहिनी : लिहा. दुसरी : उघड्यावर दारू पिणाऱ्याला त्याच रात्री दंड, आणि मुलाकडून सामान मागवणाऱ्याला दुप्पट.

सर : दुप्पट कायद्यात बसणार नाही.

वहिनी : लिहा तर. खोडायचं काम साहेबांचं.

सर : तिसरी : जेटी ते दांडी दिवे. हायमास्ट नको, होड्या लावणाऱ्यांचे डोळे दिपतात. खाली पडणारा उजेड.

वहिनी : चौथी : शनिवारी-रविवारी रात्री अकरापर्यंत वाडीतल्या दोन बायका आणि दोन पुरुष फेरी मारतील. पहिली फेरी माझी. तुमचीही.

सर : माझे गुडघे...

वहिनी : कट्ट्यावर बसा. बसलेले सर दिसले तरी पोरं पांगतात. आता पाचवी. रात्री नऊनंतर...

सर : पाचवी : मुलींसाठी संध्याकाळी किनाऱ्यावर व्हॉलीबॉलचं नेट, दिव्याखाली, नऊपर्यंत.

वहिनी थांबल्या. हे त्यांनी मागितलं नव्हतं.

वहिनी : नऊपर्यंत का? साडेनऊपर्यंत लिहा.

सर : आणि तुझी वेळेची ओळ?

वहिनी : ती सहावी. ती मी खोडू देणार नाही. वरच्या पाच झाल्या की मला भेटा, मग बघू.

सरांनी सहावी ओळ लिहिली. ‘अठरा वर्षांखालील मुले’ असं लिहून पुढे कंसात ‘मुलगे व मुली’ घातलं. रापण, जत्रा, शिमगा आणि गणपतीचे दिवस वगळून, असंही जोडलं. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या की एवढं वगळल्यावर उरतंय काय. सर म्हणाले, शनिवार. सही कोणी आधी करायची यावर पुन्हा दहा मिनिटं गेली.